शिट्टी न झालेला कुकर

युसूफ वडगावच्या शिवारात, गावापासून जरा आत, रामकिसन आणि सत्यभामा यांची शेतवस्ती आहे. पत्र्याच्या दोन खोल्या, पुढं पडवी, बाजूला जनावरांचा गोठा आणि हाकेच्या अंतरावर थोरल्या जावेचं घर. सत्यभामानं पन्नाशी ओलांडली आहे. अंगानं काटक, बोलायला थोडकी. गोठ्यातला मारका बैल ती एकटी पाण्यावर नेते आणि जळणात साप निघाला तर आरडाओरडा न करता काठी शोधते. पण कुकरची शिट्टी कानावर आली की तिचं अंग आकसायचं. पाहुण्यांच्या घरी गेली तर स्वयंपाकघरापासून लांब, अंगणाच्या कडेला जाऊन बसायची. बायका हसायच्या.

साखराबाईला ज्यांनी जवळून पाहिलं होतं, ते मात्र हसत नसत.

साखराबाई म्हणजे तिची थोरली जाऊ. वस्तीवरचा पहिला कुकर साखराबाईच्या भावानं दिवाळीला आणला, तेव्हा सत्यभामा नवी नवरी होती. शेजारच्या वस्तीवरच्या बायका तो बघायला येऊन गेल्या. पुढं एकदा घरात पाहुणे जेवायला बसले होते, वरण वाढून झालं होतं, आणि बाहेरून सासरे भात मागत होते. साखराबाईनं कुकर चुलीवरून खाली घेतला. शिट्टीखालून अजून वाफ येत होती. झाकण निघेना, तेव्हा तिनं कुकर दोन पायांच्या मध्ये धरला आणि दांडीला जोरात हिसका दिला.

सत्यभामा ताटं घेऊन दारात उभी होती. एक दणका झाला आणि खोली पांढरी झाली, एवढंच तिला नीट सांगता येतं. त्या पांढऱ्यातून साखराबाईचा आवाज येत होता आणि ती कुठं आहे ते दिसत नव्हतं. जीप करून तिला बीडला नेलं. जीव वाचला. उजवा डोळा गेला, आणि हनुवटीपासून छातीपर्यंतची कातडी ओढून शिवल्यासारखी झाली. दवाखान्यातून आल्यावर कितीतरी महिने तिची वेणी सत्यभामानंच घातली, कारण साखराबाईला हात डोक्यापर्यंत नेता येत नव्हता.

"कुकरचा काय दोष न्हाई गं," साखराबाई नंतर म्हणायची. "मी घाई केली. वाफ आत असताना झाकण ओढलं."

सत्यभामाला ते पटायचं नाही. तिच्या घरात डाळ पातेल्यात शिजायची. वेळ लागायचा, जळण जास्त लागायचं, पण तिनं कधी कुरकुर केली नाही.

मग अंगदचं लग्न झालं आणि सून आली. स्वप्नाली केजची, बारावी शिकलेली, हाताला चपळ. तिच्या लग्नातल्या भांड्यांत कुकर होताच. पहिलं वर्षभर तो खोक्यातच माळ्यावर राहिला. सासूनं काय बघितलं होतं ते तिला कळलं होतं, म्हणून ती गप्प बसली. पण धनश्री जन्मली आणि तान्ही लेक, शेण, पाणी, स्वयंपाक, शेतातली खुरपणी हे सगळं एका जिवाला उरकेना. एक दिवस ती सासूजवळ बसली आणि म्हणाली, "आत्या, मला कुकर लावू द्या. तुमच्यासमोर लावते. तुमी बघा, मग न्हाई म्हणायचं तं न्हाई म्हणा."

सत्यभामानं रात्रभर विचार केला आणि सकाळी एकच अट घातली. गॅसची टाकी खोलीत ठेवायची नाही. बाहेर पडवीत ठेवायची आणि भिंतीतून नळी आत घ्यायची. रामकिसन म्हणाला, "कावून? सगळ्यांच्या घरात टाकी आतच हाय की." अंगदनं भिंतीला भोक पाडून दिलं.

स्वप्नालीनं पहिल्यांदा कुकर लावला तेव्हा सत्यभामा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. सुनेनं एकेक गोष्ट हातात देऊन दाखवली. झाकणाच्या कडेला बसतं ते रबर. ते कडक झालं, चिरलं की बदलायचं. झाकणाच्या मधली नळी, जिच्यावर शिट्टी बसते. ती रोज उजेडाकडं धरून बघायची, पलीकडचं दिसलं पाहिजे. आणि शेजारी बारका व्हॉल्व्ह.

"हे कशाला?" सत्यभामानं विचारलं.

"नळी चोंदली आन् आत वाफ लई झाली, तं हे आपोआप वितळतंय. वाफ तिकडून निघून जाती. कुकर फुटत न्हाई."

सत्यभामानं त्या बारक्या व्हॉल्व्हवर बोट ठेवलं आणि बराच वेळ तसंच राहू दिलं. साखराबाईच्या कुकरला ते होतं का नव्हतं, कुणी बघितलं नव्हतं.

हळूहळू तिची भीती कमी झाली असं म्हणता येणार नाही. ती सवयीची झाली. शिट्टी झाली की ती अजूनही दचकायची, पण आता खोलीतच राहायची. श्रावणात एकदा स्वप्नाली बाळाला न्हाऊ घालत बसली आणि कुकरमधलं पाणी आटून गेलं. फस्स करून व्हॉल्व्हमधून वाफ सुटली. सत्यभामा अंगणात पळाली. स्वप्नालीनं बाहेरूनच टाकी बंद केली आणि म्हणाली, "बरं झालं आत्या, ते वितळलं. त्याच्यासाठीच असतंय ते."

झाकण नवा व्हॉल्व्ह बसवायला अंगदकडं दिलं. तो दुधाच्या टेम्पोवर जायचा, बाजारातून रोजच येणं-जाणं होतं. दोन दिवसांनी त्यानं झाकण आणून ओट्यावर ठेवलं. "बसवून आणलंय," म्हणाला. स्वप्नालीनं बघितलं, तिथं काहीतरी घट्ट बसलेलं होतं. ती कामाला लागली.

सोयाबीनच्या राशीचा दिवस होता. मळणीचं यंत्र, ज्याला सगळे हडंबा म्हणतात, ते धोंडीराम नावाच्या माणसाचं होतं आणि त्याची पाळी मोठ्या मुश्किलीनं मिळाली होती. आभाळ भरून येत होतं. सोयाबीनचा गंज, कापून रचलेला ढीग, पावसाआधी मळून झाला नाही तर दाणा काळा पडणार, म्हणून सगळे सकाळपासून पळत होते. हडंब्यावरची माणसं आणि घरची धरून मोठं जेवण करायचं होतं. सत्यभामा अंगणातल्या चुलीवर भाकरी थापत होती. आत स्वप्नालीनं हरभऱ्याची डाळ धुऊन कुकरमध्ये घातली. सगळ्यांना एकाच वेळी पुरावी म्हणून जरा जास्तच घातली, वर पाणी ओतलं, झाकण लावलं, शिट्टी ठेवली आणि गॅस मोठा केला. धनश्री त्याच खोलीत, आढ्याला बांधलेल्या झोळीत झोपली होती. मग स्वप्नाली हंडा घेऊन हौदावर गेली.

भाकरींची चळत वाढत गेली. हडंब्याचा आवाज शेतातून सारखा येत होता. सत्यभामा तव्यावरची भाकरी उलटत होती आणि तिला कळेना, आपल्याला कशाची रुखरुख लागली आहे. मग लक्षात आलं. ज्या आवाजाला ती इतकी वर्षं घाबरत आली होती, तो आवाज अजून झाला नव्हता.

स्वप्नाली हंडा घेऊन येत होती.

"स्वप्ने, शिट्टी झाली का गं?"

"न्हाई, मी तं हौदावर होते. तुमच्या कानावर आली न्हाई का?"

"न्हाई. एकबी न्हाई."

सत्यभामा हात न धुताच उठली आणि दारातून आत बघितलं. गॅसची निळी ज्योत कुकरच्या बुडाला चाटत होती. शिट्टी जागच्या जागी होती, हलत नव्हती. तिच्याभोवती वाफेचा धूरसुद्धा नव्हता. पण आतून एक जड घुमणारा आवाज येत होता, आणि दांडीच्या बाजूला झाकण बारीक थरथरत होतं. चार हातांवर झोळी होती. झोळीच्या कापडातून धनश्रीची टाच दिसत होती.

स्वप्नालीनं मागून डोकावलं आणि हंडा तिथंच सोडला. पाणी पडवीभर झालं. ती आत जायला निघाली, तेव्हा सत्यभामानं तिचा दंड धरला.

"सोडा आत्या, धनू आत हाय."

"थांब. आधी टाकी."

पडवीतली टाकी दोन पावलांवर होती. सत्यभामानं पिठाच्या हातानं बटण फिरवलं. हात घसरला. पदरानं पुसून परत फिरवलं. आतली ज्योत बसली. घुमणारा आवाज मात्र तसाच राहिला.

"आता मी जाते," स्वप्नाली म्हणाली.

"तू न्हाई. तू पळत जाशील. मी जाते."

दोरीवर वाळत घातलेली जाड वाकळ तिनं ओढली, कुकरच्या बाजूनं ती अंगावर आडवी धरली आणि भिंतीला चिकटून आत शिरली. तिनं कुकरकडं बघितलं नाही. नंतर ती सांगायची की तिला ऐकू यायचं बंद झालं होतं, फक्त वाकळीचा ओला वास येत होता. झोळीपाशी ती खाली वाकली, एका हातानं वाकळ धरून दुसऱ्या हातानं लेकराला कापडातून काढू लागली. एका हातानं जमेना. लेकराचा पाय झोळीच्या घडीत अडकला होता. तिनं वाकळ खांद्यावर टाकली, कुकरकडं पाठ केली, दोन्ही हातांनी पाय सोडवला आणि धनश्रीला पोटाशी घेऊन तशीच वाकलेली बाहेर आली. लेकरू जागं होऊन रडायला लागलं. स्वप्नालीनं ते ओढूनच घेतलं. सत्यभामानं खोलीचं दार लावून घेतलं, कडी घातली आणि दाराबाहेर उभी राहिली.

आरडाओरडा नव्हता, पण लेकराचं रडणं ऐकून साखराबाई तिच्या घरातून आली. बंद दार, सांडलेलं पाणी आणि जावेचा चेहरा तिनं बघितला. चुलीवरची जळत चाललेली भाकरी उतरवली आणि सत्यभामाच्या शेजारी येऊन थांबली.

तेवढ्यात हडंबा बंद झाला. जेवणाची वेळ झाली होती. धोंडीराम, रामकिसन, अंगद आणि बाकीची माणसं भुसानं माखलेली, आभाळाकडं बघत बघत अंगणात आली.

"अजून वाढलं न्हाई?" रामकिसननं विचारलं. "पाऊस येऊ लागलाय, आन् तुमी दार लावून बसलाव."

स्वप्नालीनं कसंबसं सांगितलं. धोंडीराम म्हणाला, "एवढंच ना. बादलीभर पाणी मारतो दारातून. थंड होतंय."

"दार उघडायचं न्हाई," सत्यभामा म्हणाली.

"अवो, आमच्या घरी नेहमीच होतंय. चमच्यानं शिट्टी उचलायची, वाफ जाती."

"नळीच चोंदलीय. शिट्टी उचलून वाफ कुठून जाईल?"

"मग झाकणाला जरा ठोकायचं," धोंडीरामच्या मागून कुणीतरी म्हणालं.

रामकिसनला आता राग आला होता. माणसं उपाशी, आभाळ काळं, आणि बायको दार अडवून उभी. "सर बाजूला," तो म्हणाला. "अंगद, जा बे, बघ काय हाय ते."

अंगद पुढं आला. "माय, सर. मी लांबूनच शिट्टी काढतो, काठीनं."

सत्यभामा सरली नाही. अंगदनं तिच्या खांद्यावरून कडीकडं हात नेला, तेव्हा साखराबाईनं त्याचं मनगट धरलं. तिच्या हाताला पूर्वीसारखी ताकद नव्हती, पण तिनं धरलं आणि दुसऱ्या हातानं स्वतःच्या डोक्यावरचा पदर मागं घेतला. परक्या माणसांसमोर ती चेहऱ्याची उजवी बाजू कायम पदरात ठेवायची.

"ह्याच्याकडं बघ," ती म्हणाली. "मग उघड."

धोंडीरामनं मान खाली घातली.

स्वप्नाली लेकराला थोपटत होती. ती एकदम म्हणाली, "पण व्हॉल्व्ह कावून गेला न्हाई? नळी चोंदली तं व्हॉल्व्ह जायला पाहिजे. मागं गेलता तसा. नवाच तं हाय."

अंगदनं साखराबाईच्या हातातून मनगट सोडवून घेतलं नाही. त्याचा चेहरा भुसाखालून पांढरा पडला होता.

"नवा न्हाई," तो म्हणाला.

"म्हंजे?"

"दुकान बंद होतं त्या दिशी. दुसऱ्या दिशी टेम्पोची घाई होती. मी गॅरेजात बोल्ट आवळून आणला. वरून एम-सील लावलं. गळत न्हाई म्हणलं, झालं."

म्हणजे आतल्या वाफेला वाटच नव्हती. मधली नळी डाळीनं बंद, आणि दुसरं भोक त्यानं स्वतःच्या हातानं बुजवलेलं. हे सगळ्यांना एकदमच कळलं. माणसं न सांगता चार पावलं मागं सरली. रामकिसननं मुलाकडं बघितलं.

"सगळे गोठ्याकडं व्हा," सत्यभामा म्हणाली. "गॅस बंद हाय. कुकरला आता हात लावायचा न्हाई. आपोआप निवंल."

मग वाट बघणं सुरू झालं. बंद दाराआडून मधूनच टिक्क असा आवाज यायचा, तापलेलं भांडं निवताना येतो तसा, आणि प्रत्येक आवाजाला सगळ्यांच्या माना तिकडं वळायच्या. एकदा आतून सूं असा लांब आवाज आला आणि बंद झाला. स्वप्नाली खाली बसली. थंड वारं सुटलं. शेतात अर्धा मळलेला गंज उघडा पडला होता आणि रामकिसन एकदा गंजाकडं, एकदा दाराकडं बघत होता. शेवटी तो आणि धोंडीराम ताडपत्री घेऊन निघाले. अंगद जाईना. तो दारापासून दूर, पण दाराकडंच तोंड करून उभा होता.

साखराबाईनं चुलीत परत जाळ केला आणि पिठलं टाकलं. माणसांना काहीतरी खायला घालायला हवं होतं.

पिठलं-भाकरी खाऊन अंगद सोडून बाकीची माणसं परत हडंब्यावर गेली, भांडी घासून झाली, धनश्री पुन्हा झोपली. तेव्हा सत्यभामानं कडी काढली. एकटीच आत गेली. ओट्याजवळ जाऊन आधी हात लांबूनच धरला, धग लागेना. मग कुकरच्या बुडाला बोट लावलं. गार होता. तिनं शिट्टी उचलली. वाफेचा फूत्कारही आला नाही. तरी ती थोडी थांबली. मग दांडी धरली. जोर लावायचा नाही, असं तिनं स्वतःला बजावलं होतं. झाकण सहज सरकलं तर काढायचं, नाहीतर राहू द्यायचं. झाकण सहज सरकलं.

डाळ वरपर्यंत फुगून आलेली होती, झाकणाच्या आतून तिचा थर चिकटला होता. नळीत शिजलेली डाळ दाबून बसली होती. एका बाजूला रबर झाकणाच्या कडेतून जिभेसारखं बाहेर आलं होतं आणि तिथून निघालेल्या डाळीची पिचकारी भिंतीवर उमटली होती. झोळी टांगलेल्या बाजूच्याच भिंतीवर.

स्वप्नाली मागून आत आली, तिनं ती पिचकारी बघितली. मग झाकण घेऊन बाहेर आली आणि नवऱ्याच्या हातात ठेवलं.

"मी डाळ जास्त घातली," ती म्हणाली. "चूक माझी हाय. अर्ध्याच्या वर घालायची न्हाई हे मला ठाऊक हाय, तरी घातली. पण तुमी मला खोटं सांगितलं. मी त्या बोल्टाच्या भरवशावर लेकरू तिथं झोपवत होते. रोज."

अंगदनं झाकणाकडं बघितलं. बोल्टावरचं एम-सील बोटानं खरवडत राहिला.

"आत्ता जा केजला," सत्यभामा म्हणाली. "व्हॉल्व्ह, रबर, दोन्ही. दुकान बंद असंल तं अंबाजोगाईला जा."

"रास चालू हाय, माय."

"चालू दे."

तो गेला. राशीला एक माणूस कमी पडलं. त्याच्या जागी सत्यभामा आणि स्वप्नाली गंजावर चढल्या, आणि पाऊस आला तेव्हा थोडं सोयाबीन मळायचं राहिलंच. ताडपत्रीखाली होतं तरी कडेनं भिजलं. त्याचा दाणा पुढं काळा पडला. एरवी रामकिसननं घर डोक्यावर घेतलं असतं. ह्या खेपेला त्यानं भिजलेलं सोयाबीन गुपचूप वेगळं वाळत घातलं.

अंगद भिजत परत आला. नव्या व्हॉल्व्हचं पाकीट त्यानं बायकोसमोर फोडलं आणि तिच्यासमोरच बसवला. ती बघत होती. कितीतरी दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलायची. त्यानं पण तिला बोल म्हणून सांगितलं नाही.

कुकर मात्र पुन्हा माळ्यावर गेला. कुणी मुद्दाम ठेवला म्हणावं तर तसं नाही, पण स्वप्नाली त्याला हात लावीना. डाळ पातेल्यात शिजू लागली. ती रात्री झोपेतून उठून धनश्रीच्या झोळीला हात लावून बघायची. सत्यभामाला ते अंधारात कळायचं. ही भीती कशी असते आणि किती वर्षं पुरते, ते तिच्याइतकं कुणाला माहीत होतं.

एका दुपारी घरात दोघीच असताना सत्यभामानं कुकर खाली काढला.

"आत्या, नको," स्वप्नाली म्हणाली.

"तू बस. मी लावते. चुकलं तं सांग."

तिनं झोळी बाहेर, पडवीत बांधली. झाकण दारात नेऊन नळी उजेडाकडं धरली, एक डोळा मिटून बघितलं आणि सुनेलाही बघायला दिलं. रबरावरून बोट फिरवलं. डाळ अर्ध्याच्याही खाली घातली, पाणी घातलं, फेस येऊ नये म्हणून चमचाभर तेल सोडलं. झाकण लावलं, पण शिट्टी ठेवली नाही. नळीतून वाफेची सरळ धार येईपर्यंत दोघी बघत राहिल्या. मग तिनं शिट्टी बसवली.

पहिली शिट्टी झाली तेव्हा दोघीही दचकल्या. सत्यभामानं ज्योत बारीक केली. पुढच्या शिट्ट्या झाल्यावर तिनं बाहेर जाऊन टाकी बंद केली आणि दोघी उंबऱ्यावर बसल्या. स्वप्नालीनं एकदा उठून आत बघितलं. सत्यभामानं तिला हातानं खाली बसवलं. धनश्री जागी झाली, तिला अंगावर पाजून झालं, तरी त्या उठल्या नाहीत.

मग सत्यभामानं झाकण काढलं आणि चमचाभर डाळ सुनेपुढं धरली. स्वप्नालीनं एक दाणा बोटांत दाबून बघितला.

"जरा कच्ची हाय, आत्या."

"असू दे," सत्यभामा म्हणाली. "परत ठेवू."